बारदेशचे मीठ आणि परदेशचे पार्सल

२०२५ सालच्या श्रावणात आमच्या दारात एक पार्सल आले. अमेरिकेत स्थायिक झालेल्या मुलीने माझ्या उतारवयातील दृष्टीचा विचार करून तिकडच्या एका ऑनलाइन दुकानातून भिंग बसविलेला वाचनाचा दिवा खरेदी केला होता व तो थेट बेळगावच्या पत्त्यावर पाठविला होता. दिव्याचे पैसे तिने चुकते केले होते. तरीही पार्सल आणणाऱ्याने सीमाशुल्कापोटी बऱ्यापैकी रक्कम मागितली. ती मी भरली; पण सौभाग्यवतींनी प्रश्न केला, "पोरीने बापाला दिलेल्या वस्तूवर सरकारचा कसला हक्क?" राज्य सरकारच्या सेवेत उभी हयात घालवूनही मला चटकन उत्तर देता आले नाही. ते शोधीत जुन्या ग्रंथांकडे वळलो, तेव्हा हा प्रश्न आपल्या घराइतकाच जुना, किंबहुना त्याहूनही पुष्कळ जुना असल्याचे ध्यानात आले.

'जकात' हा शब्द अरबी 'झकात'वरून आला. तेथे त्याचा अर्थ धर्मादाय दान असा; आपल्याकडे मात्र तो नाक्यावर द्यावयाच्या कराला चिकटला. कर त्या शब्दाहून प्राचीन आहे. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात शुल्काध्यक्षासाठी स्वतंत्र प्रकरण आहे. नगरद्वाराजवळ शुल्कशाळा असावी, तिच्यावर ध्वज असावा, आणि बाहेरून येणाऱ्या मालावर सामान्यतः किमतीचा पाचवा हिस्सा घ्यावा, अशी तेथील व्यवस्था. शुल्काच्या भीतीने मालाची किंमत कमी सांगणाऱ्याचा वरचा माल राजाने जप्त करावा, नाहीतर त्याच्याकडून आठपट शुल्क घ्यावे, असेही कौटिल्य सांगतो. आणखी एक तरतूद विशेष लक्षात घेण्यासारखी आहे. विवाहाचे सामान, सासरी निघालेल्या वधूबरोबरच्या वस्तू, भेटी, यज्ञ व प्रसूतीसारखी निमित्ते यांसाठीचा माल शुल्काविना जाऊ द्यावा. मात्र खोटे निमित्त सांगणाऱ्याला चोराची शिक्षा करावी. म्हणजे सौभाग्यवतींचा प्रश्न कौटिल्यालाही पडला होता, आणि त्याने त्यांच्या बाजूने निकाल दिला होता!

परंतु जकात केवळ खजिना भरण्यासाठी नसते. तिचे दुसरे प्रयोजन आपल्याच परिसरात, शिवकाळात, स्पष्ट दिसते. १६७१ साली शिवाजी महाराजांनी कुडाळकडील सरसुभेदारास मिठाच्या जकातीविषयी पत्र पाठविले. पोर्तुगीज अमलातील बारदेशचे मीठ संगमेश्वराकडील मिठापेक्षा स्वस्त पडे, साहजिकच व्यापारी तिकडे वळत. तेव्हा बारदेशच्या मिठावर अशी जबर जकात बसवावी की ते महाग पडावे आणि स्वराज्यातील मीठ खपावे, असा त्या आज्ञेचा आशय आहे. स्वस्त परदेशी मालापुढे आपला उत्पादक बुडू नये, हा आजच्या आयातशुल्कामागचा विचार साडेतीनशे वर्षांपूर्वी सह्याद्रीच्या पायथ्याशी इतक्या नेमकेपणाने मांडला गेला होता.

त्याच मिठाने पुढे दोनशे वर्षांनी दुसरे वळण घेतले. २६ डिसेंबर १८७८ रोजी ब्रिटिश व पोर्तुगीज सरकारांनी तह केला. १८८० च्या आरंभी तो अमलात आला आणि गोवा व ब्रिटिश हिंदुस्थान यांच्यामधील जकातीची भिंत दूर झाली. मात्र त्याच्या बदल्यात गोव्यातील मिठागरांवर ब्रिटिशांचे नियंत्रण आले व पोर्तुगीज सरकारला दरसाल ४ लाख रुपयांची भरपाई ठरली. भरपाई सरकारला मिळाली. मिठागरावर राबणाऱ्याच्या पदरात काय पडले, हे सांगावयास नको. १८९२ मध्ये तह संपला आणि नाके पुन्हा उभे राहिले. मुरगाव बंदराला घाटमाथ्याशी जोडणारी रेल्वे तोवर सुरू झालेली होती. त्यामुळे कॅसलरॉक आणि कुळें ही दोन लहान स्थानके दोन साम्राज्यांची दारे बनली.

आमच्या आजीचे माहेर म्हापशाचे. माहेराहून परतताना कॅसलरॉकला सामान उघडून दाखवावे लागे, त्याची गोष्ट ती हसत सांगे. त्या हसण्यामागचा संकोच मला बऱ्याच उशिरा कळला. आईने लेकीच्या गाठोड्यात काय बांधून दिले, हे परक्या शिपायासमोर मोजून दाखवावयाचे! १९५५ साली नाकेबंदीच्या काळात ती गाडीही थांबली. १९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा मुक्त झाला आणि ही सीमा कायमची पुसली गेली. बेळगावच्या वेशीवरचा जकात नाका मात्र माझ्या लहानपणीही होता. कर्नाटकाने १९७९ मध्ये तो कर रद्द केला.

नाके गेले, पण सीमा गेली नाही. ती आता पार्सलाबरोबर उंबरठ्यापर्यंत येते. आज आकारणी होते ती १९६२ च्या सीमाशुल्क कायद्यानुसार. तिचे गणित समजून घेतले तर दारातील पुष्कळसा मनस्ताप टळेल. प्रथम, शुल्क केवळ वस्तूच्या किमतीवर नसते. वाहतूक व विम्याचा खर्च मिळवून मूल्य ठरते. त्यावर मूळ सीमाशुल्क लागते. मूळ शुल्कावर २०१८ पासून १० टक्के समाजकल्याण अधिभार आहे. काही वस्तूंना त्यातून सूट असते. शेवटी या सर्वांच्या बेरजेवर, १ जुलै २०१७ पासून, एकात्मिक वस्तू व सेवा कर लागतो. समजा वस्तू ८,००० रुपयांची आणि वाहतूक व विमा २,००० रुपयांचा. मूल्य झाले १०,०००. मूळ शुल्क २० टक्के धरल्यास २,००० व अधिभार २००. आता १२,२०० रुपयांवर १८ टक्क्यांनी २,१९६. एकूण ४,३९६ रुपये! वस्तूगणिक दर वेगळे असतात व अर्थसंकल्पागणिक बदलतात, तथापि पायऱ्या याच. पार्सल कंपनी याखेरीज आपले हाताळणी शुल्क लावते. तो कर नव्हे. म्हणून पावतीवर दोन्ही रकमा निरनिराळ्या पाहाव्यात.

आता मूळ प्रश्नाकडे येतो. परदेशातून टपालाने आलेल्या ५,००० रुपयांपर्यंतच्या भेटींना आपल्याकडे माफी असे. तिचा गैरफायदा घेऊन परदेशी ऑनलाइन दुकानांचा माल 'भेट' म्हणून येऊ लागला, आणि १२ डिसेंबर २०१९ च्या अधिसूचनेने ती सवलत काढून घेतली गेली. पूर्ण शुल्क भरून भेट स्वीकारता येते. शुल्काविना येतात त्या फक्त जीवरक्षक औषधे आणि राखी. राखीबरोबरची भेटवस्तूही नाही. कौटिल्याची लांबलचक यादी या दोन नोंदींवर आली. खोटे निमित्त सांगणाऱ्याला शिक्षा करण्याऐवजी निमित्तच रद्द करणे प्रशासनाला सोपे पडले. सोपे ते न्याय्यच असते असे मात्र नव्हे, हे मी निवृत्त अधिकारी म्हणूनही मान्य करतो.

हा प्रवाह एकाच दिशेने वाहत नाही. ८०० डॉलरपर्यंतच्या मालाला असलेली माफी अमेरिकेने २९ ऑगस्ट २०२५ पासून उठविली. त्या गोंधळात आपल्या टपालखात्याला तिकडची पार्सले थांबवावी लागली. सेवा पुन्हा सुरू झाली ती १५ ऑक्टोबरला. दिवाळी सहा दिवसांवर आलेली! आमचा फराळाचा डबा मुलीला पोहोचला तो तुळशीच्या लग्नानंतर. चकल्या मऊ पडल्या होत्या, असे ती म्हणाली.

तेव्हाच तिने फोनवर विचारले, "बाबा, पुढच्या वेळी दुकानाला किंमत कमी लिहायला सांगू का?" मी म्हणालो, "नको. खरी किंमत लिही, पावती आत ठेव. शुल्क किती पडेल ते आधी काढू, आणि परवडत नसेल तर इथेच काही घेऊ." सौभाग्यवती ऐकत होत्या. त्यांना मात्र एवढेच सांगितले, की सरकारचा हक्क सीमा ओलांडणाऱ्या मालावर आहे. लेकीने बापाला दिलेली वस्तू त्या सीमेवर इतर मालाहून वेगळी ओळखता यावी, इतकी नजर मात्र राज्यकर्त्यांनी ठेवावयास हवी. पूर्वी ती ठेवली जात असे.

हा लेख त्याच दिव्याच्या उजेडात लिहिला आहे.