विरारच्या पुढची वीज

धाकटी डहाणूच्या परिसरात, खाडीलगत 500 मेगावॉटचं औष्णिक वीजकेंद्र आहे. 1990च्या दशकात ते सुरू झालं आणि तिथली वीज मुंबईच्या उपनगरांत जाऊ लागली. मुंबईची लोकल मात्र डहाणूला आली 16 एप्रिल 2013 रोजी. मासळीची पाटी असो की नोकरीचा डबा, तोवर लोकलसाठी विरारला गाडी बदलावी लागे. याला कारणं बरीच होती. मला त्यातलं डोक्यावरच्या तारेतलं कारण सांगायचंय.

मुंबईत पहिली विजेची गाडी 3 फेब्रुवारी 1925ला धावली, 1500 व्होल्ट डीसीवर. त्या काळी ते शहाणपणाचंच होतं, कारण डीसी मोटर जोर लावून उठते आणि तिचा वेग सहज आवरता येतो. पण व्होल्टेज कमी की करंट जास्त. 3 मेगावॉट ओढायला 1500 व्होल्टवर 2000 अँपिअर लागतात, 25,000 व्होल्टवर साधारण 120. म्हणजे डीसीला जाड तारा हव्यात आणि थोड्या थोड्या अंतरावर सबस्टेशन. 1957मध्ये रेल्वेने पुढच्या कामांसाठी 25 हजार व्होल्ट एसी निवडला. विरारच्या उत्तरेला 1970च्या दशकात तोच आला. विरारच्या अलीकडे जुनं तसंच राहिलं.

मग एसी इंजिन सरळ विरारच्या अलीकडे का नेलं नाही? कारण त्याच्या पोटात ट्रान्सफॉर्मर असतो. तो बदलत्या चुंबकीय प्रवाहावर जगतो, आणि डीसीत बदल नाही. डीसी दिला तर वेटोळ्याचा नुसता रोध उरतो, गाभा संपृक्त होतो, करंट बेफाम वाढतो आणि संरक्षक यंत्रणा वेळेत तुटली नाही तर वेटोळं जळतं. उलट, डीसी लोकलवर 25 हजार व्होल्ट आले तर तिचं इन्सुलेशन टिकणार नाही. (तुमच्या चार्जरवर 100–240 छापलेलं असतं. तो आधी एसीचा डीसी करतो, मग त्याचे बारीक तुकडे पाडतो, म्हणून त्याला हे पथ्य नाही.)

यावरची तोड मला फार आवडते. 1975पासून डब्ल्यूसीएएम-1 ही दुहेरी इंजिनं आली. एसीवर ट्रान्सफॉर्मर आणि रेक्टिफायर कामाला, डीसीवर ट्रान्सफॉर्मरला सरळ वळसा. डीसीवर ताकद थोडी कमी पडायची, इतकंच. विरारजवळ तारेचा एक तुकडा वीजहीन ठेवलेला असे. चालक वीज बंद करून गाडी वेगावर तशीच पुढे सोडायचा आणि पलीकडे दुसऱ्या पद्धतीवर यायचा. गाडीतल्या प्रवाशाला कशाचा पत्ता नसे. लोकलच्या प्रवाशाला मात्र ही हद्द जिना चढून-उतरून ओलांडावी लागे.

2007मध्ये दोन्ही विजांवर चालणाऱ्या लोकल आल्या, आणि फेब्रुवारी 2012मध्ये चर्चगेट–विरारची तारही एसी झाली. वर्षभराने लोकल डहाणूला पोचली. व्होल्टचा प्रश्न मिटला, रुळांचा राहिला: विरारपुढे गुजरातच्या गाड्या, मालगाड्या आणि लोकल यांना मिळून दोनच मार्ग. चौपदरीकरण एमयूटीपी-3 मध्ये घेतलंय.