कप्तानाचा जोडधंदा

चौलला गेलात तर रेवदंड्याच्या पोर्तुगीज कोटात जरूर फिरा. पोर्तुगीज किल्ल्यांवर कप्तान साधारण तीन वर्षांसाठी यायचा. पगार बेताचा, म्हणून खाजगी व्यापार सर्रास. राजाचा नोकर आणि व्यापारी एकाच खुर्चीत! 1740मध्ये पोर्तुगीज चौल सोडून गेले, पण हा प्रश्न काही गेला नाही.

आपल्या क्रिकेटचंच बघा ना. 2007मध्ये बीसीसीआयने निवड समिती सदस्यांना वर्तमानपत्रात स्तंभ लिहायला बंदी घातली. अध्यक्ष दिलीप वेंगसरकर भडकले, पद सोडण्यापर्यंत गोष्ट गेली. माझ्या मते बंदी बरोबरच होती. पण तेव्हा हे काम होतं मानद! (आमच्या ऑफर लेटरमध्येही जोडधंदा करू नका असं कलम असतं, पण निदान पगार तरी येतो राव.) 2008पासून निवड समिती पगारी झाली. आणि गंमत म्हणजे नवे अध्यक्ष श्रीकांत पदावर असतानाच आयपीएलच्या चेन्नई संघाचे ब्रँड अँबॅसिडरही होते. म्हणजे फक्त पगार देऊन भागत नाही.

प्रशिक्षकांचंही तेच. राहुल द्रविडचा बोर्डाशी करार आधी दहा महिन्यांचा असे, म्हणजे आयपीएलला दोन महिने मोकळे. त्यावर टीका झाली. 2017मध्ये त्याने दिल्ली संघाचं काम सोडलं आणि भारत अ व 19 वर्षांखालील संघासाठी पूर्णवेळ करार घेतला.