रोगाचें खरें नांव

वैद्यकाच्या इतिहासांत रोगाचें नांव कळणें आणि त्यावर उपाय सांपडणें या दोहोंत पुष्कळदां दीर्घ काळ लोटलेला दिसतो. म्हणून नुसत्या नांवाची किंमत कमी मानावी, असें मात्र आम्हांस वाटत नाहीं.

१९०२ सालीं लंडनच्या डॉ. आर्चिबॉल्ड गॅरॉड यांनीं अल्काप्टोनयूरिया या विकारावर निबंध प्रसिद्ध केला. या विकारांत लघवी हवेंत राहिली कीं काळी पडते. अशा रुग्णांचे आईबाप पुष्कळदां सख्खीं चुलत, मामे वा मावस भावंडें असतात, हें त्यांनीं हेरलें. आणि मेंडेलच्या वाटाण्यांचा नियम येथें मनुष्यासही लागू पडतो, हें बेटसन यांच्या साह्यानें ओळखलें. मात्र दोष ज्या लिपींत लिहिलेला होता, ती लिपि त्या काळीं कोणासच वाचतां येत नव्हती.

ती वाचण्याची व्यवहार्य रीत केंब्रिजच्या फ्रेडरिक सँगर यांनीं १९७७ सालीं दाखविली. मनुष्याच्या सुमारें ३ अब्ज अक्षरांच्या वाचनाचा महाप्रकल्प १९९० पासून २००३ पर्यंत चालला.

या वाचनाचा रुग्णास काय उपयोग, याचें उत्तर २००९ सालीं मिळालें. तुर्कस्तानांतील एका तान्ह्या मुलाच्या शरीरांतील पाणी व क्षार सारखे निघून जात. वैद्यांस मूत्रपिंडाच्या बार्टर विकाराची शंका होती. येल विद्यापीठांतील रिचर्ड लिफ्टन व त्यांचे सहकारी यांनीं त्याच्या जनुकांचा प्रथिनें घडविणारा भाग, म्हणजे समग्र लेखनाचा अवघा शेंकडा १ हिस्सा, वाचला. दोष मूत्रपिंडांत नव्हताच. आंतड्यांत क्लोराइड शोषून घेणारें जनुक बिघडलें होतें. मुलाची पुनः तपासणी होतांच तोच निर्णय पक्का ठरला.

अर्थात् अक्षरें वाचलीं म्हणजे अर्थ लागलाच, असें नव्हे. २०१५ सालीं अमेरिकन तज्ज्ञांनीं जनुकांतील फरकांचे ५ वर्ग ठरविले. त्यांतील मधला वर्ग ‘अर्थ अनिश्चित’ असाच आहे. तेथें वैद्याचा विवेकच कामास येतो.

परंतु अर्थ निश्चित लागला, तर त्याचा लाभ औषधापुरता राहत नाहीं. वर सांगितलेल्या दोन्ही विकारांत दोष आई व बाप या उभयतांकडून सारखाच येतो, आणि दोघेंही स्वतः निरोगी असतात. पुढील प्रत्येक अपत्यास तो विकार होण्याचा संभव चारांत एक असतो. सुनेच्या पायगुणावर खापर फोडणाऱ्या घरास एवढें समजलें, तरी त्या नांवानें मोठेंच कार्य केलें, असें आम्ही म्हणूं.