हंगामी कारखाने आणि जायबंदी कामगारांचा भरपाईचा हक्क : एक ऐतिहासिक आढावा

प्रस्तावना

महाराष्ट्रातील कामगारांचा इतिहास प्रामुख्याने मुंबईच्या कापड गिरण्यांच्या संदर्भात लिहिला गेला आहे. साखर, गूळ, भुईमूग फोडणे यांसारख्या अन्नप्रक्रिया उद्योगांतील कामगार त्या मानाने दुर्लक्षित राहिला. या उद्योगांचे स्वरूप हंगामी असते. यंत्र वर्षातील काही महिनेच चालते. परंतु त्यात सापडलेला हात कायमचा जातो. ही विसंगती कायद्याने कशी हाताळली, याचा आढावा प्रस्तुत लेखात घेतला आहे.

१८८४ ची मागणी

सप्टेंबर १८८४ मध्ये नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने मुंबईत गिरणी कामगारांच्या सभा झाल्या आणि सुमारे ५,५०० सह्यांचे निवेदन तयार झाले. त्यात साप्ताहिक सुट्टीबरोबरच एक महत्त्वाची मागणी होती : कामावर जखमी झालेल्यास बरा होईपर्यंत पूर्ण वेतन मिळावे आणि तो जन्माचा अपंग झाल्यास त्याच्या उपजीविकेची तरतूद व्हावी. पुढील कायद्यांचे मूल्यमापन करण्यास ही मागणी हाच योग्य निकष ठरतो.

त्या वेळी लागू असलेल्या १८८१ च्या कारखाना कायद्यात यंत्रांना कुंपण घालण्याची तरतूद होती. मात्र वर्षातून चार महिन्यांपेक्षा कमी चालणारे कारखाने त्यातून वगळले होते. ते १९११ च्या कायद्याने कक्षेत आले.

१९२३ चा कायदा

१९२३ च्या कामगार नुकसानभरपाई कायद्याने (अंमल १ जुलै १९२४) मालकाचा निष्काळजीपणा सिद्ध करण्याच्या जबाबदारीतून कामगाराची सुटका केली. अपघात कामामुळे व कामाच्या ओघात घडला, एवढे दाखविणे पुरेसे ठरले. ठेकेदाराच्या कामगाराबाबतही मुख्य मालकावर दायित्व आले. अवयवहानीचे प्रमाण परिशिष्टात ठरविण्यात आले. अलीकडच्या परिशिष्टानुसार एक हात गमावल्यास ६० टक्के, अंगठ्यास ३० टक्के, तर तर्जनीस १४ टक्के अर्जनक्षमता गेली असे मानले जाई. १९७५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने डावा हात गमावलेल्या सुताराची हानी १०० टक्के मानली. कारण एका हाताने सुतारकाम होत नाही.

तथापि उणिवा राहिल्या. तात्पुरत्या अपंगत्वात साधारण अर्धेच वेतन मिळे. सुरुवातीला दहा दिवसांपर्यंतच्या दुखापतीस भरपाईच नव्हती. ही मर्यादा पुढे सात व नंतर तीन दिवसांवर आली. भरपाई एकरकमी असे.

साखर कारखाने आणि विमा योजना

१९५० मध्ये प्रवरानगर येथे सहकारी साखर कारखाना सुरू झाला व पुढे ग्रामीण महाराष्ट्रात अशा कारखान्यांचे जाळे विणले गेले. गव्हाणीपासून रोलरपर्यंत ऊस सतत पुढे सरकत असतो. अडकलेली मोळी काढताना यंत्र थांबविणे म्हणजे गळीत थांबविणे. त्यामुळे चालू यंत्रात हात घालण्याचा मोह व दबाव दोन्ही असतात. १९४८ च्या कारखाना अधिनियमाने धोकादायक भागांना कुंपण सक्तीचे केले ते याचसाठी.

त्याच वर्षीच्या कर्मचारी राज्य विमा अधिनियमाने कायम अपंगत्वासाठी आजन्म नियतकालिक लाभ व वैद्यकीय उपचार देऊ केले. लोखंडे यांच्या निवेदनातील उपजीविकेच्या तरतुदीच्या सर्वांत जवळ जाणारा हा कायदा होता. परंतु त्यातून ‘हंगामी कारखाने’ वगळले गेले आणि त्या व्याख्येत साखर व गूळ यांचा स्पष्ट उल्लेख होता. परिणामी गिरणी कामगारास आजन्म लाभ, तर साखर कामगारास एकरकमी भरपाई, अशी विषमता निर्माण झाली. २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आलेल्या सामाजिक सुरक्षा संहितेने हे दोन्ही कायदे एकत्र केले. तरी विमा प्रकरणातून हंगामी कारखान्यांना दिलेली सूट कायम आहे.

निष्कर्ष

१८८१ मध्ये चार महिन्यांची अट होती; १९४८ पासून ‘हंगामी’ ही संज्ञा तेच कार्य करीत आली. दोन्ही वेळी संरक्षणाचा आधार कामगाराची दुखापत नव्हे, तर कारखान्याचे वेळापत्रक ठरले. उपजीविकेची हानी वर्षाच्या बाराही महिन्यांची असते. म्हणूनच १८८४ ची मागणी अन्नप्रक्रिया उद्योगातील कामगारापुरती आजही अपूर्ण आहे, असे म्हणावे लागते.