न्यायालयाच्या दारातून संसदेत : फेड्डे स्खूरर

नेदरलँड्स म्हणजे डच भाषा, एवढेच समीकरण आपल्या मनात असते. परंतु त्या देशाच्या उत्तरेस फ्रीसलंड हा प्रांत आहे आणि तेथील मायबोली फ्रीसियन ही डचची बोली नसून स्वतंत्र भाषा आहे. या भाषेचा एक कवी देशाच्या संसदेत पोहोचला. त्याचा वृत्तांत आम्ही सीमाभागातील वाचकांपुढे मुद्दाम ठेवीत आहोत.

फेड्डे स्खूरर यांचा जन्म १८९८ साली ड्राख्तेन येथे झाला. सुतारकामातून ते शिक्षकी पेशात आले. युद्धविरोधी मतांमुळे १९३० साली त्यांना लेमर येथील शाळेची नोकरी गमवावी लागली. दुसऱ्या महायुद्धानंतर ते हेरेनफेन येथील ‘फ्रीसे कूरीर’ या दैनिकाचे मुख्य संपादक झाले.

१९५१ साली हेरेनफेनच्या न्यायाधीशांनी न्यायालयात फ्रीसियन बोलू देण्यास नकार दिला. स्खूरर यांनी अग्रलेखातून त्यावर कठोर टीका केली. परिणामी न्यायाधीशांच्या अवमानाचा खटला त्यांच्यावरच गुदरला. १६ नोव्हेंबर १९५१, शुक्रवार, लेउवार्डेनच्या बाजाराचा दिवस. न्यायालयासमोर जमलेल्या समर्थकांवर पोलिसांनी लाठ्या चालविल्या, पाण्याचे फवारे सोडले. फ्रीसियन जनता तो दिवस ‘क्नेपेलफ्रेड’, म्हणजे लाठ्यांचा शुक्रवार, या नावाने आजही स्मरते.

लाठ्यांनी प्रश्न मिटला नाही. तो देशाच्या सत्ताधाऱ्यांपुढे जाऊन उभा राहिला. १९५५ साली शाळांत द्विभाषिक शिक्षणास वाव मिळाला आणि १९५६ च्या कायद्याने न्यायालयात फ्रीसियन बोलण्यास मान्यता दिली. त्याच वर्षी स्खूरर मजूर पक्षातर्फे संसदेच्या कनिष्ठ सभागृहात दाखल झाले व १९६३ पर्यंत सभासद राहिले. १९६८ साली त्यांचे निधन झाले.

हा कायदा त्यांनी सभासद या नात्याने मांडलेला नव्हता, हे ध्यानी घेतले पाहिजे. तो त्याआधी लेखणीने व रस्त्यावरील जनतेने मिळविला होता. वकील म्हणून आम्हांस येथे एक भेद महत्त्वाचा वाटतो. कायद्यापूर्वी फ्रीसियन माणसाचे बोलणे न्यायाधीशाच्या सौजन्यावर अवलंबून होते. कायद्यानंतर तो हक्काचा विषय झाला. सौजन्य माणसागणिक बदलते, हक्क मात्र कागदावर दाखविता येतो.

१९५६ हे आपल्याकडील राज्यपुनर्रचनेचेही वर्ष. सातव्या घटनादुरुस्तीने त्याच वर्षी अनुच्छेद ३५०क व ३५०ख आले : प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून आणि भाषिक अल्पसंख्याकांसाठी विशेष अधिकारी. कागद आपल्या हाती आहे. तो दाखविण्याची चिकाटी फ्रीसियनांकडून शिकावी.