औषधाचा कस

धनत्रयोदशीला घरोघर धनाची पूजा होते, धणे आणि गूळ यांचा नैवेद्य दाखवतात. आणि वैद्य मंडळी त्याच दिवशी धन्वंतरीपुढे हात जोडतात. सोने आणि औषध यांचा हा शेजार मला फार अर्थपूर्ण वाटतो. कारण दोन्हींच्या बाबतीत माणसाला एकच प्रश्न छळत आला आहे : यात खरे किती?

सोन्यापुरते उत्तर सराफांनी फार पूर्वी शोधले. काळ्या कसोटीवर रेघ ओढायची आणि ज्याचा कस ठाऊक आहे अशा सोन्याच्या रेघेशी ती ताडून पाहायची. आपला ‘बावनकशी’ हा शब्द याच पेढीवरचा. वजनाला मात्र गुंज असे. आठ गुंजांचा मासा, बारा माशांचा तोळा. पण गुंज हे वेलीचे बी. ‘सगळ्या बिया सारख्याच धर’ असे वेलीला कोण बजावणार? अखेर १८३३ साली कंपनी सरकारने १८० ग्रेनांचा तोळा ठरवून दिला, आणि वेलीची सत्ता धातूच्या वजनाकडे गेली.

औषधाच्या इतिहासातही अशीच एक गुंज होऊन गेली. तिचे नाव ससा!

१९२१-२२ साली कॅनडातील टोरांटो येथे इन्शुलिन हाती आले. ते जनावरांच्या स्वादुपिंडातून काढलेले, अशुद्ध आणि दर खेपेस निराळे. नुसते वजन करून त्याचे बळ कळेना. तेव्हा ठरले, की दोन किलो वजनाच्या उपाशी सशाच्या रक्तातील साखर ज्या मात्रेने आचके येण्याइतकी खाली उतरते, ती मात्रा म्हणजे एक युनिट. सजीवावर होणाऱ्या परिणामावरून औषध जोखण्याच्या या रीतीला इंग्रजीत ‘बायोअ‍ॅसे’ म्हणतात. त्यातला ‘अ‍ॅसे’ मुळात धातूचा कस पाहण्याचाच शब्द. म्हणून आपण त्याला सरळ ‘कस’ म्हणू या.

पण ससा तरी सगळीकडे सारखा कुठला? एक दणकट, दुसरा नाजूक. सर हेन्री डेल या इंग्रज शास्त्रज्ञाने आग्रह धरला, की माप सशात ठेवू नका, वस्तूत ठेवा. कोरड्या इन्शुलिनची एकच प्रमाण भुकटी जपून ठेवावी आणि जो तो आपला माल तिच्याशी ताडून पाहील. घटसर्पाच्या लसद्रव्यासाठी पाउल एर्लिख यांनी जर्मनीत १८९७ साली हीच युक्ती योजली होती. १९२६ साली इन्शुलिनचे प्रमाण मुक्रर झाले : एका मिलिग्रॅमला ८ युनिटे. कसोटीवर आता दोन रेघा शेजारी शेजारी आल्या.

मग आले पेनिसिलिन. फ्लेमिंग यांना बुरशीची ही करामत १९२८ साली लंडनमध्ये दिसली. परंतु तिचे औषध केले ते ऑक्सफर्डच्या फ्लोरी, चेन आणि हीटली यांनी. कस लावण्याची हीटली यांची रीत इतकी साधी, की माझ्या वर्गातल्या मुलांनाही ती झट्कन समजते. काचेच्या बशीत अगरचा थर द्यायचा, त्यात जंतू पेरायचे, वर छोटी नळकांडी उभी करून त्यात औषध घालायचे आणि बशी रात्रभर उबेत ठेवायची. सकाळी बशीभर जंतूंचा गढूळ थर आणि नळकांड्याभोवती मात्र स्वच्छ वर्तुळ! वर्तुळ जितके रुंद, तितका औषधाचा जोर अधिक. शेजारच्या नळकांड्यात ठरीव द्रावण असे. त्याच्याशी ताडून युनिट मोजायचे.

१९४१ च्या फेब्रुवारीत अल्बर्ट अलेक्झांडर या पोलिसाला ते औषध दिले. त्याला उतार पडू लागला. पण साठा संपत आला. त्याच्या लघवीतून पेनिसिलिन काढून पुन्हा टोचले, तरी पुरले नाही. १५ मार्चला तो गेला. या औषधाचा थेंब न् थेंब मोजण्याला काय मोल होते, ते एवढ्यावरून कळावे. युद्ध चालू असतानाच, १९४४ च्या ऑक्टोबरात लंडनला परिषद भरली आणि शुद्ध पेनिसिलिन-जीच्या सोडियम क्षाराचा ०.६ मायक्रोग्रॅम म्हणजे एक आंतरराष्ट्रीय युनिट, असे ठरले.

आम्हा खडकीकरांच्या दारावरूनच पुढे ही कथा गेली. लोकलने खडकी सोडली, की दापोडी, कासारवाडी आणि मग पिंपरी. तेथे जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांच्या साहाय्याने १९५४ साली हिंदुस्थान अँटिबायोटिक्स स्थापन झाली. १९५५ साली पेनिसिलिन बाहेर पडू लागले. स्वतंत्र भारताची पहिली औषधसंहिताही त्याच वर्षीची. ‘दहा लाखांचे इंजेक्शन’ म्हटले, की त्यात ०.६ ग्रॅम शुद्ध औषध. मग ते पिंपरीचे असो वा लंडनचे.

माप असे जुळले; परंतु शब्दांचे काय? एका प्रयोगशाळेने लिहावे ‘जंतू मेले’, दुसरीने लिहावे ‘वाढ खुंटली’. वाचणाऱ्याला दोन्ही एकच वाटते, पण रोग्याच्या दृष्टीने त्यात महदंतर! कस पाहिला तो जिवंत पेशीवर की नुसत्या प्रथिनावर, मोजले काय, कोणत्या युक्तीने? असल्या शब्दांची एक वंशावळच अमेरिकेतील मायामी विद्यापीठाच्या मंडळींनी रचली आणि २०११ साली प्रसिद्ध केली. ‘बायोअ‍ॅसे ऑन्टॉलॉजी’ हे तिचे नाव. लाखो प्रयोगांचे निष्कर्ष संगणकाला ताडून पाहता यावेत, म्हणून हा खटाटोप.

दवाखान्यातल्या शब्दांसाठी असाच एक कोश आहे, ‘स्नोमेड सीटी’. त्यात साडेतीन लाखांहून अधिक संकल्पना असून प्रत्येकीला स्वतःचा क्रमांक आहे. मधुमेहाचा ७३२११००९. भारत २०१४ साली या मंडळात सामील झाला, आणि त्याचे देशातले केंद्र आहे आमच्या पुण्यातच, सी-डॅक या संस्थेत.

मी पडलो कादंबऱ्या लिहिणारा मास्तर. शब्दाला दहा छटा असाव्यात, यावर माझी चूल पेटते. ‘कणकण’, ‘कसर’, ‘हुडहुडी’, ‘ताप’ हे सारे एका आकड्याच्या कोठडीत घालणार की काय, या शंकेने माझा जीव प्रथम धास्तावला. पण या कोशाची घडण पाहिली आणि धीर आला. तिथे क्रमांक एक असला, तरी त्याच्या घरी नावे कितीही नांदू शकतात, आणि कोणत्याही भाषेतली. म्हणजे आजी म्हणेल ते आजीने म्हणावे. डॉक्टरने तिच्या शब्दाचा नेमका क्रमांक ओळखावा. अट एवढीच, की मराठी शब्द त्या घरात नेऊन बसवणारे कोणीतरी हवे. १९६० साली स्थापन झालेल्या आपल्या भाषा संचालनालयाने परिभाषाकोश रचून शास्त्रांचे शब्द मराठीत आणले. आता आजीच्या तोंडचे शब्द शास्त्राकडे न्यायचे आहेत, आणि ते काम परका माणूस करणार नाही.

वाचकहो, यंदा धणे-गूळ वाटताना घरातल्या वडीलधाऱ्यांना एवढे जरूर विचारा : अंगात नेमके काय होते, तेव्हा तुम्ही ‘कसर’ म्हणता, आणि काय झाले म्हणजे ‘कणकण’? मिळेल ते उत्तर वहीत टिपून ठेवा. बावनकशी ऐवज आहे तो.