शके १८७९ चा पाडवा आणि नवा पैसा

१ एप्रिल १९५७ या सोमवारी शालिवाहन शके १८७९ ची वर्षप्रतिपदा होती. हेमलंबी नाम संवत्सराच्या त्या पहिल्या प्रभाती महाराष्ट्रात ज्या घरांवर गुढ्या उभारल्या गेल्या आणि कडुनिंबाची पाने गुळाबरोबर चावून ज्यांनी नव्या वर्षाचे स्वागत केले, त्यांपैकी पुष्कळांच्या मनात त्या दिवशी पंचांगातल्या वर्षफलाहून वेगळाच एक प्रश्न घोळत असला पाहिजे: आजपासून रुपयाचे सोळा आणे न राहता शंभर नवे पैसे झाले, तर वाण्याच्या दुकानात हिशेब कसा व्हायचा? सरकारने ही तारीख ठरवली ती आर्थिक वर्षाचा पहिला दिवस म्हणून. पाडव्याशी तिची गाठ पडली हा केवळ योगायोग. त्या वसंतात कालगणनाही नव्याने मांडली जात होती. मेघनाद साहा यांच्या अध्यक्षतेखालील समितीने सुचवलेली राष्ट्रीय दिनदर्शिका २२ मार्चला अमलात आली होती आणि तिच्या गणनेप्रमाणे हाच दिवस चैत्राचा अकरावा होता. जुन्या पंचांगाच्या आणि सरकारी दिनदर्शिकेच्या चैत्रात दहा दिवसांचे अंतर पडले, तरी सामान्य माणसाचे त्यावाचून काही अडले नाही. नाण्याचे मात्र तसे नव्हते.

वृत्तपत्रांत त्या आठवड्यात नाण्यांच्या बातमीला मोठी स्पर्धा होती. दुसरी सार्वत्रिक निवडणूक नुकतीच आटोपली होती. १ नोव्हेंबर १९५६ रोजी लादल्या गेलेल्या द्वैभाषिक मुंबई राज्याविरुद्ध पश्चिम महाराष्ट्राने आपला कौल असा काही दिला होता, की संयुक्त महाराष्ट्र समितीचे उमेदवार ठिकठिकाणी निवडून आले. मुख्यमंत्री यशवंतराव चव्हाण यांनासुद्धा कऱ्हाडची जागा थोडक्या मतांनी राखता आली. एस. एम. जोशी आणि आचार्य अत्रे विधानसभेत गेले, नानासाहेब गोरे, नाथ पै आणि डांगे लोकसभेत. अत्र्यांचा ‘मराठा’ निघून तेव्हा पुरते पाच महिनेही झाले नव्हते. तिकडे केरळात कम्युनिस्ट पक्ष मतपेटीच्या मार्गाने सत्तेच्या उंबरठ्यावर येऊन ठेपला होता आणि त्याच आठवड्यात, ५ एप्रिलला, नंबुद्रिपाद यांच्या मंत्रिमंडळाने शपथ घेतली. या गदारोळात नाण्यांचा बदल हा एक प्रशासकीय तपशील वाटावा हे स्वाभाविक आहे. माझे मत उलट आहे. मंत्रिमंडळे आली आणि गेली. पण त्या दिवशी जे बदलले ते दररोज, दर घरात, दर हाताला जाणवणारे होते, आणि त्याचा भार ज्याच्या खिशात सर्वांत लहान नाणे असे त्याच्यावर सर्वांत जास्त पडला.

या सुधारणेचा कायदा सप्टेंबर १९५५ मध्ये संमत झाला होता. तेव्हा अर्थखाते चिंतामणराव देशमुख यांच्याकडे होते. रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर आणि मेघदूत मराठी पद्यात उतरवणारे रसिक, अशा या पुरुषाने मुंबईच्या प्रश्नावर १९५६ च्या जुलैत मंत्रिपद सोडले. त्यामुळे त्यांच्या कारकिर्दीत ज्या कायद्याचा पाया घातला गेला त्याचा अंमल सुरू झाला तेव्हा ते त्या खुर्चीत नव्हते. रुपयाचे मूल्य आणि नाव जसेच्या तसे राहिले. बदलले ते त्याचे विभाजन. कंपनी सरकारने १८३५ मध्ये आपल्या साऱ्या मुलखाला एकच रुपया दिला होता; त्याचे आणे सोळा, आण्याचे पैसे चार, पैशाच्या पया तीन, म्हणजे रुपयात चौसष्ट पैसे किंवा एकशे ब्याण्णव पया. खजिन्याच्या आणि मामलेदार कचेरीच्या दप्तरांत रुपये, आणे, पै अशी तीन घरे आखलेली असत आणि प्रत्येक घराची बेरीज निराळ्या अंकाने पुढे जाई: पयांची बाराने, आण्यांची सोळाने, रुपयांची दहाने. कारकुनाचा जन्म या तीन घरांत चुकलेली पै शोधण्यात जाई. दशमान पद्धतीचा लाभ कोणाला असेल तर तो प्रथम या कारकुनाला, आणि तो लाभ खरा होता हे निःसंशय मान्य केले पाहिजे.

परंतु बाजारातला जुना हिशेब दप्तरातल्या हिशेबासारखा नव्हता. तो अर्धे करण्याच्या एका सरळ कृतीवर उभा होता. रुपयाची निम्मी अधेली, तिची निम्मी पावली, तिची निम्मी चवली, आणि चवलीचा निम्मा आणा. वजनातही शेराचा निम्मा अच्छेर, त्याचा निम्मा पावशेर, त्याचा निम्मा नवटाक आणि नवटाकाची निम्मी छटाक. नाणे आणि वजन एकाच मागावर विणलेले होते. शेरात सोळा छटाका आणि रुपयात सोळा आणे, म्हणून शेराचा भाव जितके रुपये, तितकेच आणे छटाकेचे. ज्या बाईला अक्षरओळख नव्हती तिलाही हे गणित कोणी शिकवावे लागत नसे. घाऊक बाजारात याचेच दुसरे रूप होते: मणाचे शेर चाळीस, तेव्हा जितके रुपये मण, तितके आणे अडीच शेर. या दोन किल्ल्यांवर अडत्यांपासून भाजीवालीपर्यंत सारा व्यवहार तोंडी चाले, आणि कागद लागे तो केवळ उधारी मांडून ठेवण्यापुरता.

या विद्येचे शिक्षण घरोघरी तिन्हीसांजेला होत असे. देवापाशी दिवा लागला, हातपाय धुऊन मुले बसली, की परवचा सुरू होई. त्यात एकापासून तीसपर्यंतच्या पाढ्यांनंतर पावकी, निमकी, पाउणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी आणि औटकी अशी अपूर्णांकांची रांग लागे. औटकी म्हणजे साडेतीनचा पाढा. ज्याला तो पाठ होता त्याला साडेतीन आणे शेराची वस्तू सात शेर घेतली तर साडेचोवीस आणे, म्हणजे एक रुपया साडेआठ आणे, हे सांगायला श्वास टाकण्याइतकाही वेळ लागत नसे. मुद्रित पुस्तकांवरही किमती त्याच मनाने छापल्या जात. अंकापुढे एक उभी रेघ म्हणजे सव्वा, दोन रेघा म्हणजे साडे, तीन म्हणजे पाऊण, आणि ‘किंमत १॥ रुपया’ हे वाचायला कोणत्याही वाचकाला टीप लागत नव्हती. या पाढ्यांना नुसते घोकंपट्टीचे ओझे म्हणणाऱ्यांशी माझे जुळत नाही. ज्या समाजात बहुसंख्य लोकांना लेखी त्रैराशिक येत नव्हते, त्या समाजाने आपल्या मुलांना फसवणुकीपासून वाचवण्यासाठी दिलेले ते शस्त्र होते.

१ एप्रिलला या विणीतले नाण्याचे धागे ओढून काढले गेले आणि वजनाचे तसेच राहिले. मेट्रिक वजनांचा कायदा १९५६ अखेर झाला असला तरी त्याचा अंमल १ ऑक्टोबर १९५८ पासून टप्प्याटप्प्याने व्हायचा होता. मधल्या काळात तराजूच्या पारड्यात सोळांचे गणित आणि गल्ल्यात शंभराचे, असा प्रकार झाला. सरकारने रूपांतराचा तक्ता प्रसिद्ध केला. नियम असा, की अर्धा किंवा त्याहून कमी अपूर्णांक सोडून द्यावा आणि अर्ध्याहून जास्त असेल तर पुरा पैसा धरावा. त्याप्रमाणे एक आणा सहा नवे पैसे, दोन आणे बारा, तीन आणे एकोणीस, आणि चार आणे पुरे पंचवीस. म्हणजे चार वेळा एकेक आण्याची खरेदी केली तर चोवीस पैसे, आणि एकदम चार आण्यांची केली तर पंचवीस. वरचे औटकीचे उदाहरण घ्या. साडेतीन आण्यांचे आधी नवे पैसे केले तर बावीस होतात आणि साताने गुणले की १५४. उलट आधी साडेचोवीस आणे काढून मग रूपांतर केले तर १५३. दोन्ही रीती तक्त्याला धरूनच, पण कोणती रीत चालायची हे ठरवणारा तागडी धरून बसलेला असतो, आणि गिऱ्हाइकाजवळ मात्र आता पाढा उरलेला नसतो. खरी मेख इथे होती.

त्याहून खाली उतरले की तफावत अधिकच बोचरी होते. जुना एक पैसा म्हणजे नवे दीड पैशाहून किंचित जास्त, तक्त्याप्रमाणे दोन. पैशाची कोथिंबीर, पैशाची तंबाखू, पैशाचे तेल असे ज्याचे रोजचे जगणे, त्याने नव्या नाण्यांत प्रत्येक वेळी दोन पैसे दिले तर रुपयाभराच्या चौसष्ट खरेद्यांना एक रुपया अठ्ठावीस पैसे पडतात. जुनी नाणी एकाएकी बाद झाली नव्हती, ती काही वर्षे नव्यांबरोबर चालायची होती, आणि ज्याच्याजवळ जुना पैसा होता त्याने तो द्यावा हा मार्ग खुला होता. पण मजुराच्या हाती मोड कोणती येईल हे मजूर ठरवीत नाही. भिक्षेकऱ्याच्या बाबतीत उलट घडण्यासारखे होते. देणाऱ्याचे दान ‘एक पैसा’ असेच राहिले आणि पैसा तेवढा नवा झाला, तर त्याच्या झोळीत पडणारे मूल्य पूर्वीच्या दोन-तृतीयांशाहूनही कमी भरते. दक्षिणेचा सव्वा रुपया तेवढा निर्वेध राहिला, कारण पावली शंभरातही पुरी बसते.

टपालखात्याने हाच दिवस धरून भारताच्या नकाशाची नवी तिकिटे काढली. पोस्टकार्ड नऊ पयांचे होते, ते पाच नव्या पैशांचे झाले. हे तक्त्याला धरून होते. पाकिटाला मात्र दोन आण्यांऐवजी तेरा नवे पैसे पडू लागले. तक्त्याने दोन आण्यांचे बारा सांगितले असताना सरकारच्याच एका खात्याने तेरा घ्यावेत, यात दुकानदाराला केवढे मोठे उदाहरण मिळाले असेल! अर्धा पैसा सोडण्याचा नियम सरकारने रयतेसाठी केला होता. तो स्वतःच्या खिडकीवर आधी पाळायला हवा होता असे मला आजही वाटते.

नाणी तरी हातात कशी होती? नवा एक पैसा ब्राँझचा, गोल, बोटाच्या नखाएवढा, आणि त्यावर देवनागरीत रुपयाचा शंभरावा भाग अशा अर्थाचे हिंदी शब्द कोरलेले, कारण नुसत्या आकड्यावरून लोकांना त्याची किंमत उमगणार नाही ही जाण टांकसाळीला होती. दोन आणि दहा पैशांच्या कडा नागमोडी, पाच पैशांचे नाणे चौकोनी. आता जुन्या आण्याची कडही नागमोडीच होती, आणि जुनी चवली व अर्धा आणा हेही चौकोनीच. कंदिलाच्या उजेडात पैसे मोजणाऱ्या किंवा दृष्टी गेल्यामुळे बोटांनीच नाणे ओळखणाऱ्या माणसाची यात किती तारांबळ उडाली असेल, याचा विचार आकार ठरवताना पुरेसा झालेला दिसत नाही. त्यांतच सहाव्या जॉर्जच्या छापाची नाणी, युद्धकाळातला भोकाचा पैसा आणि १९५० नंतरचा घोड्याचा पैसा हेही चालू होते.

चैत्र हा जत्रांचा महिना. पुढल्या पंधरवड्यात ज्योतिबाच्या डोंगरावर आणि शिखर शिंगणापुरी माणसांचे पूर लोटायचे होते, आणि भाऊ-बापू मांग नारायणगावकर यांच्यासारख्यांचे तमाशाचे फड गावोगाव फिरायचे होते. पाळण्याचा, बत्ताशांचा, तिकिटाचा सारा हिशेब आजवर आण्यांत झालेला. शहरांत गुरुदत्तचा ‘प्यासा’ फेब्रुवारीत लागला होता. मुंबईच्या रस्त्यांवरून ट्राम अजून चालत होती आणि पुढे सात वर्षे, ३१ मार्च १९६४ पर्यंत, चालायची होती. ज्याच्या घरी रेडिओ होता त्याचा काटा बुधवारी रात्री सिलोनकडे वळे, कारण नभोवाणीमंत्री बाळकृष्ण केसकर यांनी आकाशवाणीवरून चित्रपटगीतांना जवळजवळ हद्दपार केले होते आणि विविध भारती सुरू व्हायला ऑक्टोबर उजाडायचा होता. तरी त्याच आकाशवाणीच्या पुणे केंद्राने, बरोबर दोन वर्षांपूर्वी १ एप्रिललाच, माडगूळकर आणि सुधीर फडके यांचे गीतरामायण सुरू केले होते. त्याची छप्पन्न गीते पुरी होऊन वर्ष उलटत आले होते आणि आठवड्यावर पुन्हा रामनवमी होती. ज्या घरी रेडिओ नव्हता तिथली माणसे ती ऐकायला शेजारी जाऊन बसत; या एका करमणुकीला आणाही पडत नव्हता आणि पैसाही.

पुढे वजनेही बदलली तेव्हा मोडलेला मेळ पुन्हा जमला. किलोला रुपया तर शंभर ग्रॅमला दहा पैसे, हे आता शेर-छटाकेइतकेच सोपे झाले. १ जून १९६४ पासून पैशामागचा ‘नवा’ हा शब्द सरकारी रीतीने गळाला, पुढल्या वर्षी तो पैसा ॲल्युमिनियमचा झाला, आणि परवच्यातून पावकी-निमकी हळूहळू गेली. बाजाराने मात्र निम्मे करण्याची रीत सोडली नाही. मेट्रिक संचात वजने आहेत ती पाचशे, दोनशे, शंभर आणि पन्नास ग्रॅमची; गिऱ्हाईक मागते ते पाव किलो. म्हणून मंडईतल्या भाजीवालीला त्या एका मागणीसाठी दोनशेच्या वजनावर पन्नासाचे वजन चढवावे लागते, आणि अर्ध्या पावासाठी शंभराचे वजन ठेवून वर हाताने दोन मिरच्या टाकाव्या लागतात.